पीएच सारखा, तरी एका पाण्याला चौपट अ‍ॅसिड! फवारणीआधी आपल्या पाण्याचं गणित समजून घ्या

कवठेमहांकाळ, प्रतिनिधी : द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटण्या झाल्या की तालुक्यातल्या प्रत्येक बागेत एकच विषय असतो, तो म्हणजे फवारणी. कुठलं औषध, किती मात्रा, किती दिवसांनी, यावर पारावर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तासन्‌तास चर्चा चालते. पण ब्लोअरच्या टाकीत ९९ टक्क्यांहून जास्त जे असतं, त्या पाण्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. बोललंच तर एवढंच, "पाचशे लिटरला एवढं सायट्रिक टाका, पीएच बसतो."

ही "एवढं टाका" वाली मात्रा एका बागेतून दुसऱ्या बागेत जशीच्या तशी जाते आणि घोटाळा तिथंच होतो. शेजारच्याच्या बोअरला जी मात्रा बरोबर, ती आपल्या शेततळ्याच्या पाण्यात टाकली तर पाणी चिंचेसारखं आंबट होऊन कोवळी पानं भाजू शकतात. तेवढीच मात्रा जतच्या एखाद्या खोल बोअरच्या पाण्यात टाकली तर पीएच जेमतेम हलतो आणि महागाचं औषध टाकीतच निकामी होऊ लागतं. असं का होतं, हे आज सोप्या भाषेत पाहू.

सामू म्हणजे काय?

आपण ज्याला पीएच म्हणतो त्याला माती-पाण्याच्या रिपोर्टमध्ये 'सामू' लिहिलेलं असतं. मोजपट्टी साधारण ० ते १४ ची. ७ म्हणजे मधोमध, ना आंबट ना खारं. ७ च्या खाली आम्ल म्हणजे अ‍ॅसिड, ७ च्या वर अल्क म्हणजे आम्लारीधर्मी. लिंबाचा रस २ च्या आसपास, चुन्याची निवळी १२ च्या पुढे.

ही मोजपट्टी १९०९ मध्ये डेन्मार्कच्या सोरेन्सन या शास्त्रज्ञाने काढली. तो कोपनहेगनला कार्ल्सबर्ग या बिअर कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करत होता. या पट्टीची एक खोड आहे. एकेक आकडा दहा-दहा पटीचा असतो. सामू ८ चं पाणी ७ वर आणलं तर त्यातले आम्लाचे कण, म्हणजे हायड्रोजनचे आयन, दहापट होतात. ६ वर आणलं तर शंभरपट. म्हणून "आठाचे सहाच झाले, दोनाचाच तर फरक" असं म्हणून चालत नाही.

घरात याचा पुरावा रोज दिसतो. हळदीचा डाग पडलेला सदरा साबणाने धुतला की डाग लाल होतो, कारण साबण आम्लारीधर्मी असतो. त्याच डागावर लिंबू पिळलं की परत पिवळा. हळद ही आपल्या स्वयंपाकघरातली दर्शकपट्टीच आहे. पण ती फक्त आम्लारी आहे की नाही एवढं सांगते, आकडा सांगत नाही. आकड्यासाठी पीएच पट्टी किंवा पेनासारखा मीटर लागतो.

आपल्या बोअरच्या पाण्यात काय असतं?

पावसाचं पाणी शुद्ध वाटतं, पण हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळतो आणि ते थोडं आम्ल होतं. स्वच्छ पावसाचा सामू ५.६ च्या आसपास असतो. हे पाणी जमिनीत मुरताना मुळांनी आणि जिवाणूंनी सोडलेला आणखी कार्बन डायऑक्साइड घेतं. मग मुरूम, काळा पाषाण आणि चुनखडी यांच्या फटींतून झिरपताना ते दगड हळूहळू विरघळवतं. या सगळ्यात आम्ल संपतं आणि पाण्यात उरतं बायकार्बोनेट. सोबत कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम.

पाणी जेवढं खोल आणि जेवढा काळ दगडात राहिलेलं, तेवढं त्यात बायकार्बोनेट साधारणपणे जास्त. बंबाच्या आत किंवा पाणी तापवायच्या हंड्याला जो पांढरा टणक थर बसतो, तो याचाच. पाणी तापलं की बायकार्बोनेटमधला वायू उडून जातो आणि कॅल्शियमचा चुना भांड्याला चिकटतो. ड्रिपरच्या तोंडाशी पांढरी पापडी धरते तीही हीच.

बफर : आम्ल पिऊन टाकणारा गडी

आता मुख्य मुद्दा. बायकार्बोनेट असलेल्या पाण्यात आम्ल टाकलं तर काय होतं? आम्लाचा हायड्रोजन बायकार्बोनेटला जाऊन चिकटतो. त्याचं कार्बोनिक आम्ल होतं आणि त्यातून पुढे पाणी व कार्बन डायऑक्साइड. खाण्याच्या सोड्यावर लिंबू पिळलं की फसफसतं ना, तीच ही क्रिया. म्हणजे आपण टाकलेलं आम्ल पाण्यात मोकळं राहतच नाही, बायकार्बोनेट ते पिऊन टाकतं. त्यामुळे सामू थोडा थोडाच खाली येतो. सामू बदलू न देणाऱ्या अशा द्रावणाला बफर म्हणतात.

उन्हाळ्यात नांगरून पडलेलं काळं रान आठवा. पहिला वळीव कितीही जोरात आला तरी रान पाणी गटागटा पितं, ओघळ दिसत नाही. पण एकदा रानाचं पोट भरलं की पुढच्या हलक्या सरीनेही बांध फुटायची वेळ येते. बफरचं अगदी तसंच. बायकार्बोनेट आहे तोवर सामू दमाने उतरतो. ते संपलं की पुढचं थोडंसं आम्लही सामू धाडकन खाली पाडतं.

म्हणजे पाण्याचे दोन वेगळे गुण झाले. सामू सांगतो पाणी आत्ता किती आम्ल किंवा आम्लारी आहे. बायकार्बोनेट सांगतं ते खाली आणायला किती आम्ल लागेल. पहिल्या आकड्यावरून दुसरा कळत नाही.

हिशेब करून बघू

समजा दोन विहिरी आहेत. दोन्हींच्या पाण्याचा सामू ८. पहिल्या पाण्यात लिटरला १२२ मिलिग्रॅम बायकार्बोनेट, दुसऱ्यात ४८८ मिलिग्रॅम. दोन्ही पाणी सामू ६ पर्यंत आणायचं आहे आणि आपण वापरतोय सायट्रिक अ‍ॅसिड, म्हणजे लिंबूसत्त्व.

रसायनशास्त्राच्या हिशेबाने पहिल्या पाण्याला १०० लिटरला सुमारे १३ ग्रॅम लागेल, दुसऱ्याला सुमारे ५२ ग्रॅम. पाचशे लिटरच्या ब्लोअरला म्हणाल तर एकीकडे ६५ ग्रॅम आणि दुसरीकडे २६० ग्रॅम. सामू तोच, मात्रा चौपट.

आता दुसऱ्या विहिरीची मात्रा पहिल्या विहिरीच्या पाण्यात टाकली तर? सामू ४ च्या खाली जाईल. आणि पहिलीची मात्रा दुसरीत टाकली तर सामू ७ च्या खाली उतरणंही मुश्कील.

आपल्या भागात तर हा प्रश्न एकाच शेतकऱ्याच्या रानातही येतो. म्हैसाळ किंवा टेंभू योजनेचं आवर्तन सुटलं की टाकीत कृष्णेचं पाणी, आवर्तन बंद झालं की बोअरचं, पावसाळ्यात शेततळ्याचं. नदीच्या आणि पावसाच्या पाण्यात बायकार्बोनेट सहसा खोल बोअरपेक्षा कमी असतं. पाणी बदललं की मात्रा बदलली पाहिजे. वहीत "५०० लिटरला २५० ग्रॅम" एवढंच लिहून ठेवलं असेल तर त्यापुढे "कुठल्या पाण्याला" हेही लिहा.

बादली चाचणी : अर्ध्या तासाचं काम

लॅबचा रिपोर्ट नसला तरी आपली मात्रा आपल्याला काढता येते.

१. साधारण एक लिटरच्या बाटलीत १०० ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड घ्या आणि पाणी घालून एकूण एक लिटर करा. आता या द्रावणाच्या प्रत्येक १० मिलीमध्ये १ ग्रॅम सायट्रिक आहे.

२. ज्या पाण्याने फवारणी करणार तेच पाणी मोजून १० लिटर स्वच्छ प्लास्टिकच्या बादलीत घ्या. सामू मोजून लिहा.

३. औषधाच्या मापाने किंवा सिरिंजने ५ मिली द्रावण टाका, चांगलं ढवळा, सामू मोजा. परत ५ मिली. प्रत्येक वेळी लिहून ठेवा.

४. हवा तो सामू आला की थांबा. दहा-पंधरा मिनिटांनी परत ढवळून मोजा. कार्बन डायऑक्साइड उडून जातो तसा सामू थोडा वर चढतो. लागलं तर आणखी थोडं द्रावण टाका.

५. समजा एकूण ४० मिली लागलं. म्हणजे १० लिटरला ४ ग्रॅम, २०० लिटरच्या बॅरलला ८० ग्रॅम, ५०० लिटरला २०० ग्रॅम.

मीटर वापरत असाल तर तो आधी बफर पावडरच्या द्रावणात तपासून घ्या. सामू ४ आणि ७ च्या पुड्या मिळतात. ते द्रावण स्वतःचा सामू घट्ट धरून ठेवतं, म्हणूनच मीटर त्याच्यावर लावतात. न तपासलेला मीटर अंदाजापेक्षाही घातक, कारण त्याच्यावर आपण विश्वास ठेवतो.

एक गोष्ट लक्षात ठेवा. आधी पाणी, मग आम्ल टाकून सामू बसवायचा आणि शेवटी औषध. औषध टाकून झाल्यावर सामूची आठवण आली तर उशीर झालेला असतो.

सामू खाली आणायचा कशासाठी?

काही औषधांचे रेणू आम्लारी पाण्यात तुटतात. कॅप्टन हे बुरशीनाशक त्याचं ठळक उदाहरण. सामू ७ च्या पाण्यात त्याचा अर्धा भाग संपायला काही तास लागतात, सामू ९ ला काही मिनिटंच पुरतात. मॅलॅथिऑनचा अर्धा भाग सामू ७ ला साधारण सहा दिवसांत तुटतो, सामू ९ ला साधारण बारा तासांत. सकाळी टाकी भरली, ट्रॅक्टर बिघडला आणि फवारणी संध्याकाळी झाली, तर आपण काय फवारलं याचा विचार करा.

द्राक्षात घड लांबवायला आणि मणी फुगवायला वापरतात ते जीए म्हणजे जिबरेलिक अ‍ॅसिडही आम्लारी पाण्यात कमजोर पडतं. म्हणून जीएच्या पाण्याचा सामू ५.५ ते ६ च्या दरम्यान ठेवायची पद्धत आहे.

पण "सगळ्याच औषधांना आंबट पाणी चांगलं" हा नियम नाही. गव्हात वापरतात त्या मेटसल्फ्युरॉनसारख्या तणनाशकाचा रेणू उलट आम्ल पाण्यात तुटतो. अनेक नव्या औषधांना ५ ते ८ मधला सामू फारसा फरक पाडत नाही. आधी औषधाच्या डब्यावरची माहिती वाचा. तिथे पाण्याच्या सामूबद्दल लिहिलं असेल तर तेच अंतिम.

बोर्डो आणि ताम्र औषधांत अ‍ॅसिड नको

इथे नियम उलटा आहे. बोर्डो मिश्रणात मोरचूद आम्लधर्मी आणि चुना आम्लारी. एक टक्का मिश्रणाला १०० लिटर पाण्यात १ किलो मोरचूद आणि १ किलो कळीचा चुना. चुन्यामुळे मोरचुदातलं तांबं बांधलं जातं आणि पानावर हळूहळू सुटतं. चुना कमी पडला किंवा पाण्यात आधीच अ‍ॅसिड असलं, तर तांबं मोकळं राहतं आणि कोवळी पानं भाजतात.

याची जुनी चाचणी आजही चालते. घासून चकचकीत केलेला लोखंडी विळा किंवा चाकू मिश्रणात थोडा वेळ बुडवून काढा. पात्यावर तांबूस थर आला तर तांबं मोकळं आहे, चुन्याची निवळी वाढवा. थर आला नाही तर मिश्रण बरोबर. हेच मिश्रण आम्लारी असल्याने त्यात आम्लारी पाण्यात तुटणारी दुसरी औषधं मिसळू नयेत. कॉपर ऑक्सिक्लोराइडसारख्या ताम्र औषधांच्या पाण्यातही अ‍ॅसिड टाकून सामू पाडू नये.

ड्रिप धुताना

ड्रिपरची पांढरी पापडी काढायला हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड वापरतात. इथे लॅटरलमधल्या पाण्याचा सामू ४ च्या आसपास आणतात. लिटरला ३०५ मिलिग्रॅम बायकार्बोनेट असलेलं पाणी असेल, तर बाजारात मिळणारं सुमारे ३३ टक्क्यांचं अ‍ॅसिड १००० लिटर पाण्याला साधारण अर्धा लिटर लागतं. त्यातलं जवळजवळ सगळं बायकार्बोनेट पितं. शेवटचे दहा-वीस मिलीच सामू ५ वरून ४ वर पाडतात. म्हणून शेवटी हात आखडता घ्यायचा. शेवटच्या ड्रिपरचं पाणी पट्टीवर तपासायचं, कंपनीने सांगितलेला वेळ ते पाणी आत ठेवायचं आणि मग लॅटरलची टोकं उघडून स्वच्छ पाण्याने धुवायचं.

जिवाशी खेळ होऊ नये म्हणून तीन गोष्टी :

– पाण्यात अ‍ॅसिड ओता, अ‍ॅसिडमध्ये पाणी कधीच नाही. उलटं केलं तर एकदम उष्णता होऊन अ‍ॅसिड तोंडावर उडतं.

– अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर किंवा क्लोरीनचं द्रावण एकत्र येऊ देऊ नका. विषारी क्लोरीन वायू सुटतो. दोन्ही करायचं असेल तर वेगळ्या दिवशी आणि मध्ये पाईप धुऊन.

– रबरी हातमोजे, चष्मा, जवळ भरलेली पाण्याची बादली. अंगावर उडालं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, डोळ्यात गेलं तर पाणी मारत मारत दवाखाना गाठा. अ‍ॅसिड पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत भरून ठेवू नका, घरात लेकरं असतात.

फवारणीला मात्र हे अ‍ॅसिड नको. ते पाण्यात पुरतं सुटतं, हात थोडा जरी जास्त पडला तरी सामू कोसळतो. सायट्रिक सौम्य असतं, चुकीला थोडी जागा देतं.

"जमिनीचा पीएच कमी करतो" म्हणणाऱ्यांना हा हिशेब विचारा

पाण्यासारखीच जमीनही बफर असते, आणि आपली चुनखडीची जमीन तर भलतीच मोठी. एक एकराच्या वरच्या १५ सेंटिमीटर मातीचं वजन साधारण साडेआठ लाख किलो भरतं. त्यात मुक्त चुना फक्त १ टक्का धरला तरी साडेआठ हजार किलो चुना झाला. एक किलो चुना मारायला जवळपास एक किलो शुद्ध सल्फ्युरिक आम्ल लागतं. म्हणजे एकरी साडेआठ टन! आपल्याकडच्या कित्येक रानांत चुना १ टक्क्याहून खूप जास्त आहे.

आता पाच लिटरचा कॅन दाखवून कोणी म्हणालं, "एवढ्यात रानाचा पीएच उतरतो," तर समजून जा. पाच लिटर शुद्ध सल्फ्युरिक आम्ल सोडलं तरी ते नऊ-साडेनऊ किलो चुना खाईल. उरलेला आठ हजार चारशे नव्वद किलो तिथेच राहील आणि सामू परत जागेवर येईल.

ड्रिपमधून सोडलेल्या आम्ल पाण्याचा मुळाजवळ थोडा वेळ उपयोग होतो, हे खरं. पण सगळं रान बदलत नाही. अशा जमिनीत पानं पिवळी पडून शिरा हिरव्या राहिल्या तर लोहाची कमतरता असू शकते. जमीन बदलण्याच्या मागे लागण्यापेक्षा त्या जमिनीत टिकेल असं खत बघावं. ईडीटीए प्रकारचं लोह जास्त सामूच्या चुनखडी रानात टिकत नाही, ईडीडीएचए प्रकारचं टिकतं. सोबत शेणखत, कंपोस्ट आहेच.

रिपोर्टमध्ये काय बघायचं?

पाणी तपासायला दिलं की बहुतेक जण पीएच आणि ईसी एवढंच बघून कागद घडी करून ठेवतात. पुढच्या वेळी 'बायकार्बोनेट' हा रकाना शोधा. आकडा मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये असेल तर त्याला ६१ ने भागा, म्हणजे मिलिइक्विव्हॅलंट मिळेल. सामू ६ साठी अंदाजे मात्रा काढायची तर प्रत्येक एका मिलिइक्विव्हॅलंटला १०० लिटर पाण्यामागे सुमारे साडेसहा ग्रॅम सायट्रिक धरा. हा अंदाज, खात्री बादली चाचणीने करा.

रिपोर्टवर 'आरएससी' हाही रकाना असतो. तो १.२५ च्या आत असेल तर सिंचनाला पाणी ठीक, १.२५ ते २.५ मध्ये जपून, २.५ च्या वर असेल तर जमीन चोपण होण्याचा धोका. अशा वेळी जिप्समबद्दल कृषी विज्ञान केंद्रात सल्ला घ्या.

उन्हाळ्यात पाणी खोल गेल्यावर एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा, अशी वर्षातून दोनदा तपासणी करा, कारण त्याच बोअरचं पाणीही बदलतं. बोअर, विहीर, शेततळं, कॅनॉल, ज्या ज्या पाण्याने फवारणी होते त्याची मात्रा वेगवेगळी काढून औषधाच्या खोलीच्या दारावर खडूने लिहून ठेवा. फवारणीला गडी कोणीही असो, त्याला विचारावं लागणार नाही.